न आलेल्या फोनचं टोपडं

आमचा धंदा काय, असं कोणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की समोरचा आधी हसतो. जो फोन अजून बाजारात आलेला नाही, ज्याचा साधा फोटोही कंपनीने दाखवलेला नाही, त्याची कव्हरं आम्ही बनवतो. वसईजवळ गोखिवऱ्यात, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत, आमचा गाळा आहे. दोन मशीनं, सहा माणसं आणि मी, कृतिका. फोन ज्या दिवशी लोकांच्या हातात पडतो, त्याच दिवशी कव्हर दुकानात टांगलेलं लागतं. आठ दिवस उशीर झाला की चीनचा माल येऊन बसतो आणि आपला पोत्यातच राहतो. म्हणून फोन यायच्या दोन-अडीच महिने आधी आम्हाला ठरवावं लागतं, कॅमेरा कुठे असेल, किती उंच असेल, बटण वर असेल की खाली. एक मिलिमीटर चुकला तर कव्हर बसत नाही.

मी चुकत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगायची, अगदी गेल्या सप्टेंबरपर्यंत. आजही चुकले नाही असंच म्हणावं लागेल, आणि तीच तर रड आहे.

मला बातम्या पुरवतो तो डेरिक. आम्ही वसईत एकाच कॉलेजात शिकलो. ज्या पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक शिरून कव्हर निघतं, तो साचा डेरिक कॉम्प्युटरवर काढून देतो. जगभरातले उपद्व्यापी लोक कुठल्याकुठल्या ग्रुपवर जमतात, फुटलेली मापं एकमेकांना देतात, मुद्दाम खोटी मापंही सोडतात. त्यातलं खरं कुठलं ते हुंगून काढायचं काम डेरिक आणि मी करतो. डेरिक म्हणतो, माझं नाक कुत्र्याचं आहे. मला हे कौतुक वाटायचं.

गाळा मूळचा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. केळीची वाडी सोडून प्लास्टिकमध्ये घुसलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस. ते बाटल्यांची बुचं बनवायचे. पहिल्याच वर्षी हातप्रेसमध्ये त्यांची दोन बोटं गेली. त्यानंतर त्यांनी गाळ्यात एक रिवाज घातला, तो कधी मोडला नाही. मोठ्या मशीनला पुढून एक सरकतं दार असतं. दार लावलं की साच्याचे दोन भाग ऐंशी टनांच्या जोराने एकमेकांवर येऊन बसतात. दार उघडलं की एक छोटासा स्विच सुटतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. दर सकाळी ऑपरेटरने मशीन रिकामं चालवायचं, साचा निम्मा बंद झाला की दार उघडायचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "थांबली!" ते ऐकू आल्याशिवाय गाळ्यात कोणी कामाला लागत नसे. संध्याकाळी मी घरी पोचले की ओट्यावर बसलेले अण्णा एकच शब्द विचारायचे, "दार?" मी म्हणायची, "बंद." मग ते चहा सांगायचे.

ही आरोळी देण्याचा मान शत्रुघ्नकाकांचा. मिठागराकडच्या गावातला माणूस, अण्णांबरोबर सव्वीस वर्षं. बाहेर आलेला तुकडा अंगठ्याखालून फिरवला की ते सांगत, इथे भिंत पातळ आहे, तिथे जाड आहे. मी मागून माप घ्यायची आणि दर वेळी तेच निघायचं. स्वतः मात्र बटणांचा जुना फोन वापरत. आणखी दोन वर्षांनी काम सोडून खाडीत जाळं टाकत बसायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. कोणी निवृत्तीचा विषय काढला की दोन्ही पंजे उघडून दाखवायचे. "दोन हात घेऊन आलो, दोन हात घेऊन जानार. या गोखिवऱ्यात किती जनांना असं म्हनता येल, सांगा." खरंच फार थोड्यांना म्हणता येतं.

गेल्या जुलैत डेरिक स्वतः गाळ्यावर आला. फोनवर बोलायची गोष्ट नाही, म्हणाला.

"यंदा वॉर आहे, कृतिका. अँड्रॉइडवाल्यांनी डेट पुढे खेचलीय. आयफोनच्या आधी एक आठवडा मारणार. आणि आयफोनवाल्यांना ते कळलंय, तर तेपण आधी येतील असं चाललंय. दोन्ही एकाच आठवड्यात पडू शकतात."

"दोन्हींची मापं आहेत?"

"अँड्रॉइडचं एकच आहे, पक्कं वाटतंय. आयफोनच्या दोन फाइल्स आहेत. एकात कॅमेऱ्याची पट्टी आडवी, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्यात जुन्यासारखा कोपऱ्यात. एक फेक आहे. कुठली, ते तू सांग."

मी दोन दिवस त्या फाइल्स उघडून बसले. गाळ्यात चहाच्या वेळी दोन पक्ष पडले. दुसऱ्या मशीनवरचा विकी आयफोनवाला, पॅकिंगच्या बायका अँड्रॉइडवाल्या. विकी म्हणायचा, आडवी पट्टी म्हणजे दुसऱ्याची कॉपी, आयफोनवाले कॉपी करणार नाहीत. बायका म्हणायच्या, आजवर काय केलंय त्यांनी मग? मी दोन्हीकडे तेल ओतायची. मला हे दिवस फार आवडायचे. सगळं जग अंधारात चाचपडतंय आणि आपल्याला आधी दिसणार आहे, या विचाराने मला झोपेतसुद्धा हसू यायचं.

शत्रुघ्नकाका भिंतीला टेकून ऐकत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "बाय, जे जल्मलं नाय त्याचं टोपडं शिवू नये. आमच्यात नाय शिवत."

"आमच्यातही नाही शिवत, काका. पण इथे बाळ यायच्या आधी टोपडं बाजारात लागतं."

"आनि बाळाला काय झालं तर?"

"फोनला काय होतंय!" मी म्हणाले. सगळे हसले, काकाही हसले. तेव्हा तो विनोदच होता.

मी आडवी पट्टी धरली. का ते विचारू नका, नाकाला तसं लागलं. दोन्ही साचे कापायला दिले. ऑगस्टच्या अखेरीस ते आले आणि तेव्हाच डेरिकचा निरोप आला, की दोन्ही लाँच आणखी आधी येताहेत, हातात फार तर बारा दिवस. मुंबईच्या होलसेलवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं, दोन्ही कव्हरं एकदम पाहिजेत, नाहीतर एकही नको. आणि साचे चालणार होते फक्त मोठ्या मशीनवर. विकीचं छोटं मशीन बुचांपुरतंच.

मी स्टॉपवॉच लावून बसले. एक कव्हर बेचाळीस सेकंद. त्यातले अकरा सेकंद दारात जात होते. काकांनी दार उघडायचं, कव्हर सोलून काढायचं, दार लावायचं, मग मशीन पुन्हा सुरू. दार उघडंच राहिलं आणि मशीन आपोआप मिटत-उघडत गेलं, तर एकतीस सेकंद. बारा दिवसांत दोन्ही साच्यांचा माल निघत होता. बेचाळीस सेकंदांनी निघत नव्हता.

गोखिवऱ्यात हे कोणी करत नाही असं नाही. जवळपास सगळे करतात. फक्त आमच्या गाळ्यात कधी झालं नव्हतं.

ट्रायलच्या वेळी पहिल्यांदा निघालेलं कव्हर माझ्या टेबलावर होतं, आडव्या पट्टीचं, दुधी रंगाचं. मी कात्रीने त्याची बोटभर रुंद पट्टी कापली, दुमडली आणि स्विचच्या फटीत दाबून बसवली. स्विच दबला. आता दार उघडं असो की बंद, मशीनला ते बंदच वाटणार होतं. पट्टी जागेवर इतकी घट्ट बसली, की मापून केल्यासारखी. मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले, पाय धुऊन मशीनपुढे उभे राहिले. मशीन रिकामं चालू केलं. साचा निम्म्यावर आला तसं त्यांनी दार उघडलं. साचा थांबला नाही. सावकाश पुढे आला आणि मिटला.

गाळ्यात सगळे आरोळीची वाट पाहत उभे होते. काकांनी वाकून स्विचकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"थांबली नाय," ते म्हणाले. रोजच्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बारा दिवस, काका. फक्त बारा. मग काढून टाकते."

"हरिश्चंद्रशेठला ठाव हाय?"

हा प्रश्न मला झोंबला. मी चाळिशीला आलेली बाई, गाळा मी चालवते, बुचांच्या गाळ्याचं नाव मी मुंबईत केलं, आणि अजून मला बापाची परवानगी लागते? मी नको ते बोलले. "तुम्हाला जमत नसेल तर सांगा, काका. वय झालंय, मी समजू शकते. विकीला उभं करते मोठ्या मशीनवर."

विकीने मान खाली घातली. मोठ्या मशीनवर तो आठ दिवस टिकला नसता हे मला ठाऊक होतं, आणि काकांनाही. ते मशीनकडे वळले. त्यांनी उजवा हात कपाळाला लावून मशीनला टेकवला आणि पहिलं कव्हर काढलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "दार?"

"बंद," मी म्हणाले. आणि चहा प्यायले.

पहिले आठ दिवस काहीही झालं नाही, हे मी मुद्दाम सांगते. काही झालं असतं, एखादं नख, एखादा चिमटा, तर मी पट्टी काढली असती असं मी स्वतःला सांगत असते. पण काकांचे हात घड्याळासारखे चालत होते. साचा उघडला की पाच सेकंद, तेवढ्यात आत, सोलून बाहेर. मी टेबलावरून बघायची. पहिल्या दिवशी दर वेळी मी मनात एक ते पाच मोजायची. तिसऱ्या दिवशी मोजायचं थांबले. पाचव्या दिवशी मला वाटायला लागलं, की अण्णांनी सव्वीस वर्षं उगाच अकरा-अकरा सेकंद वाया घालवले. सकाळची आरोळी बंद झाली होती. कोणी त्याबद्दल बोललं नाही, पण चहाच्या वेळी पक्षही पडेनासे झाले. सगळे आपापला कप घेऊन बाहेर उभे राहत.

सातव्या दिवशी अँड्रॉइडचा साचा चढवला. त्याचं कव्हर कॅमेऱ्याच्या कडेला चिकटून बसायचं. एका झटक्यात निघत नव्हतं. काका म्हणाले, "बाय, हा सोडत नाय. दोन सेकंद वाढव."

मी एक वाढवला.

नवव्या दिवशी दुपारी साडेतीनला माझा फोन वाजला. डेरिक होता, आणि तो ओरडतच होता. दोन्ही कंपन्यांनी तारखा जाहीर केल्या होत्या. एकाच आठवड्यात, आम्ही म्हटलं होतं तसं. आणि आयफोनवाल्यांनी जे निमंत्रण पाठवलं होतं, त्यावरच्या चित्रात पाठीची कड दिसत होती. कॅमेऱ्याची पट्टी आडवी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला इतका आनंद झाला, की मी खुर्चीवरून उठले. आधी कोणाला सांगावं? सव्वीस वर्षं ज्यांच्या अंगठ्यावर विश्वास ठेवला त्यांनाच. मी ओरडले, "काका! आली! तारीख आली, पट्टी आडवीच आहे!"

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं. माझ्यासाठी, माझ्या आनंदासाठी ते हसायला लागले होते, हे मी शपथेवर सांगेन. हात आत होता.

आवाज फारसा झाला नाही. रोज साचा मिटताना होतो तेवढाच.

मी धावले आणि साचा उघडायचं बटण दाबलं. विकीने टॉवेल आणला. पॅकिंगच्या बायकांपैकी एक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काका ओरडले नाहीत, फक्त "बाय, बाय" म्हणत राहिले, जसं लहान मुलीला गप्प करतात तसं. मग मला कळलं, की ओरडत मी होते.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. डॉक्टर म्हणाले, अंगठा राहिला हे नशीब.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले तेव्हा सरकारी कारखाना खात्याचे चौकशीचे साहेब आधीच येऊन बसले होते. सकाळी ते गाळ्यावर जाऊन मशीन पाहून आले होते. दार उघडलं की थांबत होतं, स्विच चालू होता. त्यांना ते कोड्यात टाकत होतं, आणि मलाही, कारण पट्टी मी काढलेली नव्हती.

"दार बंदच होतं, साहेब," काका म्हणाले. "कव्हर अडकलं होतं. मीच वरून हात घातला, दाराच्या वरून. घाई केली. माझी चूक हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

खरं बोलायला एक क्षण पुरतो. मला तो मिळाला होता. मी काकांच्या बँडेजकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाले, "हो."

साहेब गेल्यावर काकांनी डाव्या हाताने उशीखालून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. दुमडलेली दुधी पट्टी. एका बाजूला तपकिरी डाग. उजवा हात साच्यात असताना डाव्याने त्यांनी पहिलं काम हे केलं होतं. मशीन थांबावं म्हणून पट्टी ओढली, आणि मग कोणाला दिसू नये म्हणून खिशात घातली.

"कशाला, काका?" मी म्हणाले.

"गाळा बंद पडला तर सहा चुली बंद पडतील. आनि हरिश्चंद्रशेठला हे कळलं, तर तो म्हातारा जगनार नाय." ते हसले. "दीड हात घेऊन चाललो बघ. थोडं चुकलं माझं माप. टाक ती कुठंतरी."

त्यांची बायको दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, आणि मी बसू शकले नाही.

त्या संध्याकाळी अण्णा ओट्यावर होते. त्यांना बातमी कोणीतरी आधीच सांगितली होती. मी पायऱ्या चढले, चपला काढल्या, प्रश्नाची वाट पाहत उभी राहिले. ते आपला तीन बोटांचा हात मांडीवर ठेवून वाडीकडे बघत होते. चहा सांगितला नाही. दुसऱ्या दिवशीही काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

लाँचच्या दिवशी दोन्ही कव्हरं दुकानांत होती. उरलेली कव्हरं विकीने काढली, दार उघडून, लावून, बेचाळीस सेकंदांनी. होलसेलवाल्याने आणखी दोन दिवस थांबायला एका फोनवर होकार दिला. एका फोनवर! हे मी त्याला आधी विचारलंच नव्हतं. मी स्टेशनजवळच्या दुकानात जाऊन नव्या फोनला आमचं कव्हर चढवून पाहिलं. टक् करून बसलं. कॅमेऱ्याभोवती केसाइतकीही फट नव्हती. दुकानदार म्हणाला, मॅडम, तुम्हाला कळतं तरी कसं हो आधी? मी कव्हर त्याच्या काउंटरवरच सोडून बाहेर आले.

काका खंडेनवमीला गाळ्यावर आले, मशीनला हार घालायला. डाव्या हाताने घातला. त्यांच्या जागी आता विकी आहे. त्याने दार उघडलं, मशीन थांबलं, तो "थांबली!" म्हणून ओरडला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता रोज ऐकून घेत जा, बाय." एवढंच. खाडीत जाळं टाकायला दोन हात लागतात का, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं आता लिहायला बसले, कारण काल डेरिकची फाइल आली. या वर्षीची. यंदा तिसरी कंपनीही मैदानात उतरतेय म्हणे, तीन लाँच एकाच पंधरवड्यात, मशीन तेच. मी फाइल उघडणार नव्हते. उघडली. कॅमेरा पुन्हा कोपऱ्यात दाखवलाय, आणि मला बघताक्षणी कळलं, की ते खोटं आहे. नाक अजून शाबूत आहे.

दुपारी जेवायला सगळे बाहेर गेले तेव्हा मी ड्रॉवर उघडला. पट्टी मी टाकलेली नाही. आठवण म्हणून ठेवली, असं मी स्वतःला सांगत आले. ती घेऊन मी मोठ्या मशीनपाशी गेले आणि स्विचच्या फटीला लावून पाहिली. फक्त लावून पाहिली. अजून तशीच बसते.

मग काढून पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि लवकर घरी आले. अण्णा ओट्यावर होते. मला कोणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं.

"दार बंद आहे, अण्णा," मी म्हणाले.

अण्णांनी वाडीवरची नजर काढली नाही.

"मी कुठे विचारलं?" ते म्हणाले.